नव्या सहकाऱ्यांचा विश्वास कसा मिळवाल? मुलाखतीतल्या या प्रश्नाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाखतीची तयारी करणारे या एका विषयावर सतत काही ना काही विचारत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, मग अडचणीचे. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "नव्या सहकाऱ्यांचा विश्वास कसा मिळवता?" असं विचारून त्यांना नेमकं काय जाणून घ्यायचं असतं?

अनोळखी माणसांत जाऊन पडल्यावर तुम्ही काय करता, हे. स्वभाव चांगला आहे का, ते अर्ध्या तासात कुणालाच कळत नाही आणि विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. नवीन माणूस आला की टीममधल्या प्रत्येकाच्या मनात काही शंका असतात. याला काम येतं का? अंगाशी आलं तर आमच्यावर ढकलेल का? दिलेला शब्द पाळेल का? रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या संशोधकांनी १९९५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या विश्वासाची जी मांडणी केली, ती या शंकांच्या अगदी जवळ जाते. त्यांनी विश्वासाचे तीन आधार सांगितले: क्षमता, समोरच्याचं भलं पाहण्याची वृत्ती आणि सचोटी. बहुतेक उमेदवार फक्त सचोटीबद्दल बोलतात आणि तिथेच थांबतात. तुम्हाला काम येतं आणि दुसऱ्याच्या अडचणीकडे तुमचं लक्ष असतं, हेही ज्या उत्तरात दिसतं ते पॅनेलच्या लक्षात राहतं.

२. हा प्रश्न दरवेळी याच शब्दांत येतो का?

नाही. "नव्या टीममध्ये स्वतःची जागा कशी निर्माण केलीत?", "तुमच्यावर सुरुवातीला भरवसा न ठेवणाऱ्या सहकाऱ्याबद्दल सांगा", "रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात काय कराल?" ही सगळी त्याचीच रूपं. काही कंपन्यांत हा विषय ठरवूनच विचारला जातो. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या जाहीर नेतृत्वतत्त्वांमध्ये 'अर्न ट्रस्ट' हे एक तत्त्वच आहे.

शब्दांपेक्षा काळ ओळखा. "काय केलंत?" असं विचारलं तर घडलेला प्रसंग हवा असतो. "काय कराल?" असं विचारलं तर योजना हवी असते. मुलाखतीच्या अभ्यासात हे दोन वेगळे प्रकार मानले जातात. काल्पनिक परिस्थिती देऊन विचारण्याची पद्धत गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. प्रत्यक्ष घडलेलं वर्तन विचारण्यावर टॉम जँझ यांचं १९८२ चं काम प्रसिद्ध आहे. घडलेलं विचारलं असताना "मी नेहमी असं करतो" असं मोघम बोललात, तर प्रश्न टाळल्यासारखा वाटतो. योजनेच्या प्रश्नाबद्दल प्रश्न ८ पाहा.

३. "मी प्रामाणिक आहे, मनमिळाऊ आहे, टीम प्लेयर आहे" एवढं पुरत नाही का?

नाही. हे प्रत्येक जण म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता येत नाही. विशेषणं सोडून द्या आणि कृती सांगा. 'मी प्रामाणिक आहे' याऐवजी 'माझ्या अहवालात चूक झाली होती, ती मीच मीटिंगच्या आधी कळवली' असं म्हटलंत की प्रामाणिक हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. तो तुम्ही उच्चारायची गरज नाही.

४. उत्तराची मांडणी कशी करू? 'स्टार' पद्धत वापरायलाच हवी का?

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम हा 'स्टार'चा क्रम चांगला आहे आणि पुष्कळ पॅनेल नोंदीही त्याच क्रमाने घेतात. पण या प्रश्नासाठी त्यात एक बदल करावा असं मला ठामपणे वाटतं. परिस्थिती सांगताना समोरच्याला शंका का होती, हे एका वाक्यात सांगा. ते विसरलं की उरलेली गोष्ट लंगडी पडते. विश्वास नव्हता म्हणूनच तो मिळवावा लागला. मग तो का नव्हता, हे तुम्ही समजून घेतलं होतं का? पॅनेलला तिथेच तुमची समज दिसते.

बोलणं दीड-दोन मिनिटांत आटोपावं. परिस्थितीवर जास्त वेळ घालवू नका. कंपनीचा इतिहास आणि विभागाची रचना ऐकून पॅनेल कंटाळतं, आणि मुख्य भाग घाईत उरकावा लागतो.

५. माझ्याकडे सांगण्यासारखा मोठा प्रसंग नाही. काय निवडू?

मोठा प्रसंग नसलेलाच बरा. विश्वास रोजच्या बारीकसारीक कामांतून बसतो आणि पॅनेलमधल्या अनुभवी लोकांना हे स्वतःच्या नोकरीतून माहीत असतं. रात्रभर जागून प्रोजेक्ट वाचवल्याच्या गोष्टीतून तुमची मेहनत दिसते. सहकाऱ्यांचं तुमच्याशी वागणं कसं बदललं, हे तिच्यातून दिसेलच असं नाही.

प्रसंग शोधताना स्वतःला असं विचारा: सुरुवातीला माझं काम दुसऱ्यांदा तपासून घेणारं कोण होतं? मला मीटिंगला न बोलावणारं कोण होतं? माहिती तुटक देणारं, "ते आम्ही बघू" म्हणणारं कोण होतं? आणि पुढे कधीतरी ते थांबलं का? जिथे थांबलं, तिथे तुमची गोष्ट आहे. पाहिजे तर जुने ईमेल आणि कामाच्या नोंदी चाळा. आपण काय केलं होतं ते आपण स्वतःच विसरलेले असतो. एक प्रसंग सहकाऱ्याबरोबरचा आणि एक दुसऱ्या विभागाबरोबरचा, असे दोन तयार ठेवले की बहुतेक रूपांतले प्रश्न निभावतात.

६. एखादं नमुना उत्तर द्याल का?

देतो, पण ते तसंच्या तसं वापरू नका (कारण प्रश्न १६ मध्ये आहे). खरेदी विभागात काम केलेली एखादी उमेदवार असं सांगू शकेल:

"मी रुजू झाले तेव्हा गोदामातले सहकारी माझी प्रत्येक यादी पुन्हा मोजून मगच माल सोडायचे. आधीच्या याद्यांत आकडे जुळत नसत, त्यामुळे त्यांना बोलणी खावी लागली होती. म्हणून पहिले काही दिवस मी संध्याकाळी गोदामात जाऊन त्यांच्यासोबतच यादी पडताळली. तेव्हा लक्षात आलं की आम्ही नग लिहितो आणि ते खोकी मोजतात. मी यादीत दोन्ही रकाने घातले. नंतर एकदा माझा स्वतःचा आकडा चुकला. गाडी निघायच्या आत मीच फोन करून सांगितलं. साधारण दोन महिन्यांनी त्यांनी पुन्हा मोजणं बंद केलं. पुढे माल कमी उतरला की पहिला फोन मला यायला लागला."

यात काय काय आहे ते बघा. शंकेचं कारण आहे आणि ते सांगताना कुणाला दोष दिलेला नाही. दुसऱ्याच्या जागी जाऊन काम समजून घेणं आहे. रकान्यांच्या बदलातून क्षमता दिसते, फोनमधून सचोटी दिसते. आणि शेवटची दोन वाक्यं सर्वांत मोलाची आहेत, कारण त्यांत तिचं काहीच नाही. बदललं आहे ते गोदामातल्या लोकांचं वागणं.

७. परिणाम कसा सांगायचा? विश्वास काही आकड्यात मोजता येत नाही.

या पानावरचं एकच उत्तर नीट वाचायचं असेल तर हे वाचा. "हळूहळू सगळ्यांचा माझ्यावर विश्वास बसला" हे वाक्य उत्तराची सगळी मेहनत वाया घालवतं, कारण ते तुमचं मत झालं. विश्वास ज्याने ठेवायचा असतो तो दुसरा माणूस असतो, म्हणून पुरावा त्याच्या वागण्यातूनच यायला हवा.

अशा खुणा शोधल्या की सापडतात. आधी तपासून घेणाऱ्याने तपासणं सोडलं. सुट्टीवर जाताना आपलं काम तुमच्याकडे सोपवलं. अर्धवट मसुदा पाठवून "जरा बघता का?" असं विचारलं. माणूस आपलं कच्चं काम ज्याला त्याला दाखवत नाही, त्यामुळे ही फार बोलकी खूण आहे. वाईट बातमी उशिरा न सांगता लवकर सांगू लागला. ग्राहकासमोर तुम्हाला एकट्याने बोलू दिलं. तुमच्याशी असलेला मतभेद पाठीमागे न बोलता तोंडावर सांगितला. ही शेवटची खूण उमेदवार सहसा वगळतात, कारण त्यात वाद दिसतो. माझ्या मते ती आवर्जून सांगावी. जिथे भरवसा नसतो तिथे लोक मान डोलावतात आणि गप्प बसतात.

आकडा असेल तर द्या, पण तो कामाचा असू द्या. तपासणीचे दोन टप्पे होते ते एकावर आले, उत्तर यायला आठवडा लागायचा तिथे दोन दिवस लागू लागले, असा. तो खरा असावा, हे वेगळं सांगायला नको.

८. "रुजू झाल्यावर विश्वास मिळवण्यासाठी काय कराल?" याचं उत्तर कसं द्यायचं? अजून तर टीम पाहिलीही नाही.

मग तसंच म्हणा आणि पाहणार कशी ते सांगा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटं भेटून 'माझ्या कामातली कुठली गोष्ट तुमच्या कामावर परिणाम करते?' असं विचारीन. मग त्यांतलं लहानसं, लवकर होणारं एखादं काम अंगावर घेऊन सांगितलेल्या दिवशी पूर्ण करीन. काही बदल सुचवण्याआधी सध्याची पद्धत तशी का आहे ते समजून घेईन. एवढं पुरे. लहान कामं आधी घेण्याला कारण आहे: शब्द पाळल्याचा अनुभव लोकांना जितक्या लवकर आणि जितक्या वेळा येईल तितका भरवसा वाढतो, आणि मोठ्या आश्वासनाचा अनुभव यायला महिने लागतात.

"पहिल्याच महिन्यात मोठा बदल करून दाखवीन" हे वाक्य टाळा. पॅनेलला ते आत्मविश्वासाचं वाटेल असा तुमचा अंदाज असतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र त्या बदलाने दुखावलेली टीम येते. या उत्तराला जुन्या अनुभवाचं एखादं वाक्य जोडलंत तर योजना हवेत राहत नाही.

९. मी फ्रेशर आहे. माझे सहकारीच नव्हते.

कॉलेजचा गट-प्रकल्प, इंटर्नशिप, खेळाचा संघ, स्वयंसेवी काम, घरच्या व्यवसायातली मदत, हे सगळं चालतं. अट एकच: तुमच्यावर अवलंबून असलेली आणि तुम्हाला आधी न ओळखणारी माणसं त्यात असावीत. जिवलग मित्रांच्या गटाचा प्रसंग घेऊ नका, तिथे विश्वास आधीच होता. खुणा प्रश्न ७ मधल्याच शोधा.

१०. मी मॅनेजर म्हणून जाणार आहे. टीममधल्याच एकाला ते पद हवं होतं, हे मला मुलाखतीतच सांगितलं. काय बोलू?

हे त्यांनी सांगितलं याचा अर्थ त्यांना त्याची काळजी आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देऊ नका. त्या व्यक्तीला पहिल्या काही दिवसांत एकांतात भेटीन, विषय टाळणार नाही, तिला कामाचं जे ज्ञान आहे त्याची मला गरज आहे हे स्पष्ट बोलीन, आणि तिच्या वाढीसाठी काय करता येईल ते कंपनीशी बोलून मगच सांगीन, असं म्हणता येईल. यातलं 'मगच' महत्त्वाचं आहे. बढती तुमच्या हातात नसताना तिचं गाजर दाखवणं हा भरवसा कायमचा घालवायचा रस्ता आहे, आणि जाणकार पॅनेल नेमकं हेच तपासत असतं. गोड बोलून तिला आपल्या बाजूला वळवीन, असा सूर लागू देऊ नका.

मॅनेजरच्या उत्तरात आणखी एक गोष्ट यावी: श्रेय आणि दोष तुम्ही कसे वाटता. टीमच्या चुकीबद्दल वरिष्ठांसमोर तुम्ही उभे राहिल्याचा एखादा प्रसंग असेल तर तो इथे वापरा.

११. सगळं काम घरून असेल तर? प्रत्यक्ष भेटच होत नाही.

मग भेटीतून नकळत होणाऱ्या गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात, हे तुम्हाला कळतं असं दाखवा. काम कुठवर आलं ते कुणी विचारायच्या आधी लिहून कळवणं, उशीर होणार असेल तर मुदत उलटण्याआधी सांगणं, चॅटवर ठरलेलं सर्वांना दिसेल असं नोंदवून ठेवणं, कुणाच्या मेसेजला लगेच उत्तर देता येत नसेल तर निदान 'वाचलं, संध्याकाळी बघतो' एवढं कळवणं. दूर बसलेल्या माणसाला तुमचं मौन दिसतं, मौनाचं कारण दिसत नाही. या एका अडचणीवर तुम्ही काय करता ते सांगितलंत की उत्तर पूर्ण होतं.

१२. मी करार पद्धतीवर थोड्या-थोड्या महिन्यांच्या नोकऱ्या केल्या आहेत. इतक्या कमी काळात विश्वास मिळाला म्हटलं तर खरं वाटेल का?

वाटेल. थोड्या काळासाठी एकत्र आलेल्या टीममध्येही विश्वास लवकर तयार होतो. डेब्रा मेयरसन, कार्ल वाइक आणि रॉडरिक क्रेमर यांनी १९९६ मध्ये याला 'स्विफ्ट ट्रस्ट' असं नाव दिलं. अशा ठिकाणी लोक आधी भूमिकेवर भरवसा ठेवतात: हा अमुक काम करणारा आहे, म्हणजे ते तो नीट करील. शस्त्रक्रियेच्या खोलीचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा तपासणी यादीत, चीर देण्याआधी टीममधल्या सर्वांनी आपलं नाव आणि भूमिका सांगितल्याची खात्री करण्याचा टप्पा आहे.

म्हणून तुमच्या उत्तरात दोन गोष्टी याव्यात. पहिल्याच दिवशी तुम्ही आपली भूमिका कशी स्पष्ट केलीत, म्हणजे मी काय करणार आणि काय करणार नाही. आणि जाताना काम कसं सोपवलंत. चांगला हँडओव्हर हा कमी मुदतीच्या माणसाचा सर्वांत मजबूत पुरावा असतो.

१३. "कुणाचा विश्वास गमावला होता का?" असं विचारलं तर हो म्हणावं का?

हो म्हणावं, पण प्रसंग विचारपूर्वक निवडावा. पीटर किम आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात असं दिसलं की चूक कौशल्याची असेल तर माफी मागणं उपयोगी पडतं. सचोटीवर शंका असेल तेव्हा माफीचा तसा उपयोग होत नाही. कारण समजण्यासारखं आहे. कामात चुकलेला माणूस शिकतो असं आपण धरून चालतो. खोटं बोललेला माणूस मात्र पुन्हा बोलेल असं वाटत राहतं.

म्हणून अंदाज चुकला, मुदत हुकली, महत्त्वाच्या माणसाला कळवायचं राहिलं, असा कौशल्याचा किंवा लक्ष न राहिल्याचा प्रसंग घ्या. काय झालं, मी कुणाला आणि कधी सांगितलं, नुकसान कसं भरून काढलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदललं. "परिस्थितीच तशी होती" हे वाक्य यात कुठेही येऊ देऊ नका. पुढे खुणा प्रश्न ७ प्रमाणेच सांगाव्यात. एखाद्याने शेवटपर्यंत विश्वास ठेवलाच नाही असं असेल, तर तेही सांगता येतं: काम चालू राहावं म्हणून कुठली व्यवस्था लावलीत ते सांगा आणि थांबा.

१४. प्रसंग खरा आहे, पण तो सांगायचा तर जुन्या कंपनीची आतली माहिती किंवा सहकाऱ्याची खासगी गोष्ट सांगावी लागेल. मग?

सांगू नका. विश्वासाच्या प्रश्नाचं उत्तर देताना दुसऱ्याचं गुपित फोडलंत, तर पॅनेल त्या गोष्टीपेक्षा तुमचं फोडणंच लक्षात ठेवील. नावं, ग्राहक, रकमा, कुणाचं आजारपण, कुणाची घरगुती अडचण हे सगळं गाळा. 'एक वरिष्ठ सहकारी', 'एक मोठा ग्राहक' एवढं पुरतं. खोदून विचारलं तर "ते माझ्याकडे विश्वासाने आलेलं होतं, म्हणून त्याहून जास्त सांगत नाही" असं शांतपणे म्हणा. चांगल्या पॅनेलला हे आवडतं. ज्याला नाही आवडलं, तिथे काम करायचं का, याचा विचार तुम्हीही करा.

सहकारी खरोखर त्रासदायक असेल तरी हाच नियम. त्याच्या स्वभावाचं वर्णन टाळून त्याच्या कामाची अडचण काय होती तेवढं सांगा, प्रश्न ६ मधल्या उमेदवारासारखं.

१५. मला सहकाऱ्याचा गैरप्रकार वरिष्ठांना सांगावा लागला होता. बाकीच्यांचा विश्वास त्यामुळे गेला. हा प्रसंग सांगू की टाळू?

अवघड आहे आणि याचं एकच उत्तर नाही. हिशेब, सुरक्षा, लेखापरीक्षण, रुग्णसेवा, मुलांशी संबंधित काम अशा जागांसाठी मी तो सांगा म्हणेन, कारण तिथे टीमचा भरवसा आणि नियम यांच्यात निवड करायची वेळ येतेच, आणि तुम्ही काय निवडाल हे त्यांना कळायला हवं. इतर ठिकाणी पहिलं उत्तर म्हणून तो नको. थेट विचारलं तरच सांगा.

सांगताना क्रम स्पष्ट असावा. आधी त्या व्यक्तीशी बोललात का? बोलणं शक्य किंवा सुरक्षित नव्हतं तर का नव्हतं? ठरलेल्या मार्गाने कळवलंत का? आणि नंतर बाकीच्यांशी कसे वागलात? हे शेवटचं सहसा राहून जातं. लोक आपल्याला टाळत असताना त्यांचं काम वेळेत करत राहणं, त्या विषयावर कुजबुज न करणं, ही विश्वास परत मिळवण्याचीच कामं आहेत. विजयाचा सूर नको. प्रकरणाची चौकशी किंवा खटला चालू असेल तर प्रसंगच सोडून द्या.

१६. उत्तर पाठ करून जाऊ का? एआयकडून लिहून घेतलं तर चालेल?

मुद्दे पाठ ठेवा, वाक्यं नको. लिहून घेतलेल्या उत्तराची अडचण पुढच्या प्रश्नाला उभी राहते: "तो सहकारी तेव्हा काय म्हणाला?", "तुम्हाला सर्वांत आधी कधी जाणवलं?", "आज तेच काम वेगळं कसं कराल?" घडलेला प्रसंग असेल तर ही उत्तरं आपसूक येतात, रचलेला असेल तर माणूस अडखळतो. तयारी म्हणून एखाद्या मित्राला तुमचा प्रसंग ऐकवा आणि त्याला फक्त 'मग?' आणि 'का?' एवढंच विचारायला सांगा. एआयचा उपयोगही असाच, उलट प्रश्न विचारून घेण्यासाठी करावा.

१७. शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" म्हणतात. तिथे हा विषय काढावा का?

जरूर. "या टीममध्ये नवीन आलेल्या माणसावर लोक कशामुळे भरवसा ठेवू लागतात?" किंवा "या जागेवर आधी असलेल्या व्यक्तीचं कुठलं काम टीमला सर्वांत उपयोगी वाटायचं?" असं विचारा. उत्तर देताना ते अडखळले, एकमेकांकडे बघू लागले, तर तीही माहितीच आहे. नीट उत्तर मिळालं तर ते लिहून ठेवा. निवड झाली तर प्रश्न ८ मधली पहिल्या आठवड्याची भेटींची यादी तिथूनच सुरू करता येते.